तेलाचा रविवार

लेकीचे केस माझ्या हातात आले तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते. मी काही मुद्दाम घड्याळ बघितलं नाही. ते समोरच्या भिंतीवर आहे, आणि घाबरलेलं माणूस समोर दिसेल तेच बघत राहतं.

ठकी जेवून सोफ्यावर आडवी झाली होती. ठकी म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं सत्तावीस, तिसरीच्या वर्गाची बाई. जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी ताठ आणि टकामका बघणारी होती, म्हणून ठकी. वर्षभरापूर्वी ती शाळेजवळ खोली घेऊन राहायला गेली आणि तेव्हापासून दर रविवारी जेवायला येते. वर्षभर मी तिला म्हणत होते, बस माझ्यापुढे, डोक्याला तेल लावून देते. वर्षभर तिची उत्तरं ठरलेली. नको आई, आत्ताच धुतलेत. नको आई, उद्या शाळा आहे. नको आई, उशी खराब होते. लहानपणापासून रविवारची दुपार माझ्या गुडघ्यांमध्ये मान अडकवून काढणारी ही मुलगी, आणि आता हिला उशीची काळजी! मला राग आला होता. रागाच्या बाबतीत आमच्या घरात माझा हात धरणारं कुणी नाही.

म्हणून त्या दिवशी ती झोपलेली बघून मी वाटीत तेल कोमट केलं, सोफ्याच्या हातावर टेकले आणि हलक्या बोटांनी मुळांशी जिरवायला लागले. ती झोपेत जराशी हसलीसुद्धा. मग काय, मी हात आखडता घेतला नाही. भरपूर लावलं, वर्षभराचं लावलं. अर्धा तास मुरू दिलं आणि फणी घेतली.

फणी मधोमध घातली, खाली ओढली आणि तिच्याबरोबर केसांची एक अख्खी जुडी निघून आली. हातभर लांब. वरच्या टोकाला दोन बोटं रुंद, पारदर्शक, चिकट पट्टी. मी किंचाळले. ठकी ताडकन उठून बसली, तिनं डोक्याला हात लावला, आणि दुसऱ्या बाजूची आणखी एक पट्टी घसरून तिच्या मांडीवर पडली.

"आई! काय केलंस हे?"

"मी काय केलं? हे काय आहे? तुझे केस कुठायत?"

हाच प्रश्न विचारायला नको होता. ती उठली. न्हाणीघरात गेली, बराच वेळ नळ वाहत राहिला, आणि बाहेर आली ती डोक्याला माझा स्कार्फ गुंडाळून. तेलानं सैल झालेल्या उरलेल्या पट्ट्या तिनं आतच काढून ठेवल्या होत्या, बेसिनच्या कडेला, एकावर एक.

"गुरुवारी वर्गाचा फोटो आहे, आई," एवढंच म्हणाली आणि गेली. दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दार आपटायची सवय आमच्यात माझी आहे.

आमचे हे पेपरची घडी करत होते. ह्यांच्या डोक्यावर गेल्या तीस वर्षांत फणी फिरलेली नाही. फिरवायला काही उरलेलंच नाही.

"मला माहीत होतं," हे म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"गेल्या वर्षी मोठा ताप आला होता ना, त्यानंतर गेले तिचे. ताप उतरल्यावर दोनतीन महिन्यांनी मुठी भरभरून जायला लागले. डॉक्टर म्हणाले, येतील हळूहळू. आलेत थोडे, पण विरळ. म्हणून ती विकतचे जोडून घेते."

"आणि हे तुम्हाला सांगितलं तिनं?"

"मला विचारायला आली होती. बाबा, आरशात पहिल्यांदा दिसलं तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं, म्हणून."

माझा तिळपापड झाला. नऊ महिने पोटात मी ठेवायचं, सत्तावीस वर्षं वेण्या मी घालायच्या, आणि केस गेल्याचं दुःख टकलाशी बोलायचं! "मला का नाही सांगितलं?" मी ओरडलेच. ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. हे असं करायला लागले की समजावं, उत्तर आपल्याला आवडणारं नाही.

"तू चारचौघांत तिला काय म्हणायचीस ते आठव."

आठवायला लागलंच नाही. पाहुणे आले की माझी कॅसेट सुरू व्हायची. नाक बापाचं, रंग बापाचा, पाय आत्याचे. केस माझ्यावर गेले म्हणून निभावली हो पोरगी, नाहीतर रूप म्हणून काय होतं? सगळे हसायचे. ठकीही हसायची. माझ्या जिभेला हाड नाही हे मला कायम कौतुकाचं वाटत आलं होतं.

त्या दिवशी ते कौतुक संपलं. मी बेसिनपाशी जाऊन पट्ट्या मोजल्या. सोफ्यावरच्या दोन धरून वीस होत्या. तेलानं निथळत होत्या. माझ्या मनात एकच बसलं, की ठकी परत कधी माझ्यापुढे मान खाली घालून बसणार नाही. ती दर रविवारी येईल, जेवेल, भांडी घासायला मदत करेल, आणि डोकं माझ्यापासून हातभर लांब ठेवून निघून जाईल.

आता माझ्या कामाचं सांगायला हवं. मी लाँड्रीत डागांच्या टेबलावर बसते. बावीस वर्षं झाली. शाई, गंज, रक्त, ग्रीस, लोकांनी आशा सोडलेलं सगळं माझ्यापुढे येतं आणि बहुतेक वेळा स्वच्छ होऊन जातं. तेल तर माझ्या डाव्या हातचा मळ. म्हणून सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या वीस पट्ट्या टेबलावर घेतल्या, ग्रीसवर वापरतो ते औषध ओतलं, वाफाळतं पाणी घेतलं, खसाखसा चोळल्या, पिळल्या आणि चिमट्याला टांगल्या. तेल गेलं. थेंबभर राहिलं नाही. संध्याकाळी काढायला गेले तर चिमट्याला वीस पट्ट्या नव्हत्याच, एकच गोळा होता. भांडी घासायच्या काथ्यासारखा. एक केस ओढावा तर सगळा गोळा मागे यायचा.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ठकीला फोन लावला, तिनं उचलला नाही. उचलला असता तर काय बोलले असते, तेही मला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी सुट्टी टाकली. लाँड्रीच्या मागच्या गल्लीत जिन्याखाली दोन दुकानं आहेत, एक घड्याळजीचं आणि एक केस जोडून देणाऱ्या बाईंचं. पाटी मी रोज वाचत होते आणि रोज मनात म्हणत होते, कोण बया जात असतील इथे. आता त्या बयांमध्ये मी. केसवाल्या बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. चष्मा कपाळावर, तोंडात दोन चिमटे. मी पिशवीतून गोळा काढून समोर ठेवला. त्यांनी चिमटे तोंडातून काढले.

"हे कुणी केलं?"

"मी."

"भांडण झालं होतं का कुणाशी?"

"नाही हो. धुतलं."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या दुकानात मांजर मारून आणलंय. मग त्यांनी स्वतःचा एक केस उपटला आणि माझ्या बोटांत दिला. "मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवा. गुळगुळीत लागतं? आता उलटं फिरवा. अडकतं ना? केसाला बारीक खवले असतात, सगळे टोकाकडे तोंड केलेले. गरम पाण्यात घालून चोळलं की ते उभे राहतात आणि एकमेकांना धरून बसतात."

"म्हणजे लोकरीसारखं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"लोकरीचं माहीत होतं," मी म्हणाले. "केसांचं कुठे माहीत होतं?"

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. बावीस वर्षं मी टेबलावर आलेल्या प्रत्येक नव्या बाईला एकच गोष्ट शिकवते. आधी कापड बघायचं, मग डाग. लोकरीचा स्वेटर कुणी गरम पाण्यात घातला की मी अख्खी लाँड्री डोक्यावर घेते. आणि स्वतःच्या लेकीच्या केसांच्या वेळी मला फक्त तेल दिसलं. मी त्या अनोळखी बाईंपुढे रडायला लागले. रडता रडता सगळं सांगून टाकलं, सोफ्यापासून ते माझ्या कॅसेटपर्यंत.

केसवाल्या बाईंनी पाणी दिलं. समजूत वगैरे काही काढली नाही. "तेल बाटलीत बरं," म्हणाल्या. "ह्या टेपला तेल लागलं की ती सुटणारच. तुमच्या लेकीला हे सांगितलेलं असणार, पण ती तुम्हाला कशी सांगणार? आता रडून गाठी सुटायच्या नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत सुटल्या तर मी नवीन टेप लावून देईन. पण सोडवायच्या तुम्ही."

"किती वेळ लागेल?"

"तुमचा राग जाईपर्यंत. रागानं ओढलात की तुटतील."

मग त्यांनी शिकवलं. गोळा कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, कंडिशनर भरपूर. फणी रुंद दातांची, आणि सुरुवात नेहमी टोकाकडून, बोटभर सुटलं की मग बोटभर वर. एका हातानं वरचे केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ मुठीला बसते, पट्टीला बसत नाही. माझ्याकडे घरची रफूची सुई होती. तिच्या बोथट टोकानं मी गाठ उचकायची, फणीनं हलकेच पुढे न्यायची. केसवाल्या बाई गिऱ्हाइकं करत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघून ओरडत होत्या. "ओढताय!" "नाही ओढत!" "दिसतंय मला इथून!" आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यावर माझ्याच सुरात ओरडत होतं. खरं सांगते, बरं वाटलं.

एकदा मी विचारलं, की हे इतकं नाजूक का, माझे केस मी कसेही धुते, काही होत नाही. त्यांनी हातातलं काम थांबवलं. "तुमच्या केसांना तुमचं डोकं पोसतं. वरून स्निग्धपणा खाली येत राहतो. हे कापलेले. ह्यांना आता कुणी पोसणारं नाही. जे काय करायचं ते हातांनीच."

मंगळवार गेला, आणखी एक सुट्टी टाकली, बुधवारची दुपार गेली. वीसपैकी सतरा पट्ट्या सुटल्या. तीन हाताबाहेर गेल्या होत्या, त्या फेकल्या. मग एकेक पट्टी तळहातावर आडवी घेऊन शाम्पूचं पाणी वरून खाली, एकाच दिशेनं फिरवलं, चोळलं नाही. कोमट पाण्यानं धुतली. टॉवेलच्या घडीत ठेवून नुसती दाबली, पिळली नाही. मग कोरड्या टॉवेलवर सतरा पट्ट्या ओळीनं निजवल्या. सगळ्यांची डोकी एका बाजूला, अंगणवाडीतल्या दुपारसारखी.

ठकीला ह्यांनी फोन केला. ह्यांचा ती उचलते. ती शाळा सुटल्यावर थेट आली, डोक्याला माझाच स्कार्फ. तिनं टॉवेलवरच्या पट्ट्या बघितल्या, मग माझ्या बोटांकडे बघितलं. बोटं कंडिशनरनं सुरकुतली होती. केसवाल्या बाईंनी खुर्ची फिरवली आणि म्हणाल्या, "बसा, आधी डोक्यावरचं तेल घालवू. दोन शाम्पू लागतील, आईसाहेबांनी घसघशीत लावलंय."

ठकीनं स्कार्फच्या गाठीला हात घातला आणि थांबली. आरशातून माझ्याकडे बघितलं.

"आई, तू बाहेर थांबतेस का?"

मी बाहेर थांबले. घड्याळजीच्या काचेपुढे उभी राहिले. आत पस्तीसेक घड्याळं आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. त्या सगळ्या घड्याळांमध्ये मी तासभर वेळ बघत होते आणि मला किती वाजले ते कळत नव्हतं. ती दहा मिनिटांची असताना मी तिला उघडी बघितली होती. आता तिला माझ्यापुढे डोक्यावरचा स्कार्फ काढता येत नव्हता, आणि हे मीच केलं होतं, सोफ्यावर नाही, त्याच्या कितीतरी आधी.

ती बाहेर आली तेव्हा केस पाठीवर होते. तीन पट्ट्या कमी पडल्याचं कुणाला कळलं नसतं. "थँक यू, आई," म्हणाली. आमच्यात आभार शेजाऱ्यांचे मानतात.

"ठके, मी ते जे म्हणायचे ना, केसांवरून..."

"बस आली, आई."

खरंच आली होती. ती गेली. गुरुवारी फोटो झाला, म्हणे छान झाला.

पुढचे रविवार मी तोंड शिवून काढले. तेलाची बाटली डाळीच्या डब्यामागे ठेवून दिली, नजरेला नको म्हणून. ठकी यायची, जेवायची, भांडी घासायची, डोकं हातभर लांब. मी पाहुण्यांपुढेही गप्प. एकदा नणंद म्हणाली, काय गं, आज ठकीच्या केसांचं पुराण नाही? मी म्हटलं, तुमच्या पायांचं लावू का? ठकी पाण्याचा घोट घेत होती, तिला ठसका लागला.

पाचव्या रविवारी तिनं माझ्यापुढे फणी धरली. "मागे हात पुरत नाही. टोकं तेवढी विंचर."

ती खुर्चीवर बसली, मी मागे उभी. वरचे केस मुठीत घट्ट धरले, म्हणजे डोक्याला ओढ बसू नये, आणि टोकाकडून सुरुवात केली. ती थोडा वेळ ताठ होती. मग खांदे जरासे खाली आले. माणसाचं तोंड समोर नसलं की मला बोलता येतं, म्हणून मी बोलले.

"तुझं रूप केसांत नव्हतं कधी. तू सगळी ह्यांच्यावर गेलीस. नाक, रंग, गप्प बसणं, सगळं. मला वाटायचं, हिच्यात माझं असं काहीच नाही. केस तेवढे माझे होते. म्हणून मी ते सारखं बोलून दाखवायचे. तुला काय वाटत असेल, ते माझ्या डोक्यातही आलं नाही. चुकलंच माझं."

फणी चालू होती. ठकी म्हणाली, "माझा राग तुझाच आहे की."

"तो कुठे दिसतो?"

"मी दारं आपटत नाही एवढंच."

मी टोकं विंचरून फणी तिच्या हातात दिली. त्या दिवशी तेवढंच झालं.

आठव्या रविवारी ती आली तेव्हा डोक्याला स्कार्फ होता आणि हातात कापडी पिशवी. मी काही विचारायच्या आत तिनं पिशवीतून टॉवेल काढला आणि टेबलावर उलगडला. आत सतरा पट्ट्या, धुतलेल्या, एका दिशेनं निजवलेल्या.

"आठ आठवड्यांनी टेप बदलावी लागते," ती म्हणाली. "सकाळी काढून घेतल्या. उद्या शाळेला सुट्टी आहे, संध्याकाळी नवीन लावायच्या. तोपर्यंत डोक्यावर काही नाही."

"बरं," मी म्हणाले.

"म्हणजे सुटण्यासारखं काही नाही."

"बरं."

"आई, तुला कळतंय का मी काय म्हणतेय?"

तिनं स्कार्फची गाठ सोडली. केस मानेपर्यंत होते, भुरभुरीत, आणि मधोमध डोक्याची कातडी दिसत होती, जन्मली तेव्हा दिसायची तशी. ती जमिनीवर बसली, मागे सरकली आणि मान माझ्या गुडघ्यांमध्ये अडकवली. सत्तावीस वर्षांची मुलगी, शाळेतली बाई.

"तेल कुठे ठेवलंयस?"

"डाळीच्या डब्यामागे," हे पेपरमागून म्हणाले. उठले, वाटीत तेल कोमट करून आणलं आणि माझ्याजवळ ठेवलं. मी एकच बोट बुडवलं. एक थेंब लावला, जपून, मधोमध. त्या कातडीला बोट टेकलं तेव्हा ती कोमट होती.

"अगं, हे काय?" ठकीनं डोळे मिटले होते. "भरपूर लाव. पुन्हा आठ आठवड्यांनी मिळणार आहे तुला."

मी वाटीत चारही बोटं बुडवली.